बेवर्ली हिल्स टीन्स: लार्कसाठी नाही, बियांकासाठी बघा

डझनापेक्षा जास्त पोरंपोरी, एकजात गडगंज श्रीमंत, आणि मी जेवढे एपिसोड बघितले त्यात कोणी कुणाला "कितीला पडलं गं?" असं विचारलेलं मला तरी आठवत नाही. बेवर्ली हिल्स टीन्स ही काय चीज आहे ते इथेच कळतं. पैसा पाण्यासारखा वाहतोय, पण नळ कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही नाही.

तर ज्यांनी हे नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८७ सालचं अमेरिकन कार्टून आहे, बनवणारी कंपनी डीआयसी, म्हणजे ज्यांनी इन्स्पेक्टर गॅजेट काढलं तेच लोक. जागा अर्थातच कॅलिफोर्नियातलं बेवर्ली हिल्स. तिथली टीनएजर मंडळी, त्यांचा स्वतःचा असा एक आलिशान क्लब, लांबलचक गाड्या, पार्ट्या, स्पर्धा, आणि कोण कोणाबरोबर डेटवर जाणार याची कायमची धुमश्चक्री. बस. राक्षस नाहीत, जग वाचवायचं नाही, रोबॉटांची युद्धं नाहीत. त्या काळात मुलांचं कार्टून म्हटलं की कोणीतरी तलवार उगारलेली असायची नाहीतर गाडीचा रोबॉट तरी होत असायचा, त्यात ही सिरीज फक्त आज पार्टीला काय घालायचं या प्रश्नावर बावीस बावीस मिनिटं काढते, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा निभावून नेते.

आता पात्रं. हिरोईन आहे लार्क टॅनर. सोनेरी केस, गोड हसणं, सगळ्यांशी छान वागणं, टियारा नावाची मांजर. सॉरी, पण लार्क बोअर आहे. तिच्यात खोटच नाही हो काही! कोणी तिच्याशी वाईट वागलं तर ती समजून घेते, जिंकली तर लाजते, हरली तर दुसऱ्याचं अभिनंदन करते. अशी मुलगी शेजारी असेल तर आपली आई दिवसातून चार वेळा तिचं उदाहरण देईल आणि आपण मनातल्या मनात तिच्या नावाने बोटं मोडू. गोष्ट पुढे न्यायला ती काहीही करत नाही, गोष्ट तिच्यावर येऊन आदळते एवढंच.

गोष्ट पुढे नेते ती बियांका ड्युप्री. काळेभोर केस, नाकाचा शेंडा कायम वर, एम्प्रेस नावाचं पूडल कुत्रं, आणि डोक्यात दोनच गोष्टी, एक म्हणजे लार्कला खाली पाडायचं आणि दुसरी म्हणजे ट्रॉय जेफ्रीजला पटवायचं. ट्रॉय म्हणजे या गावातला चॉकलेट हिरो, दिसायला देखणा, स्वभावाने बरा, आणि लार्कवर फिदा. त्यामुळे बियांकाला पहिल्यापासूनच चान्स नाही हे तिला सोडून सगळ्या जगाला माहीत आहे. पण पोरगी हटत नाही. हातात पैसा आहे, डोकं आहे, लाज नाही, मग काय, कट करते, वेष बदलते, खोट्या अफवा उठवते, स्पर्धेत गडबड करते आणि शेवटी स्वतःच्याच खड्ड्यात धपकन पडते. आणि पुढच्या भागात पुन्हा तयार, काल काही झालंच नाही अशा थाटात. हा चिवटपणा मला मनापासून आवडला. कळलावी आहे, स्वार्थी आहे, सगळं मान्य, पण या अख्ख्या सिरीजमध्ये मेहनत करणारी ती एकटीच आहे राव. बाकीच्यांना सगळं आयतं मिळतं, ही बिचारी रोज सकाळी उठून नवीन प्लॅन आखते.

आणि बियांकाबरोबर येतो विल्शर ब्रेंटवुड. तिचा शोफर. म्हणजे तिची लिमोझिन चालवणारा पोरगा, तिच्याच वयाचा, आणि तिच्या प्रेमात आकंठ बुडालेला. ती ओरडणार, तो धावणार. ती म्हणेल तिकडे गाडी, ती म्हणेल त्या झुडपात लपून बसायचं, ती म्हणेल त्या वेषात जायचं, आणि प्लॅन फसला की शिव्याही यानेच खायच्या. हुकमाचा ताबेदार म्हणतात ना, तसा. ती त्याचं नाव ज्या पद्धतीने उच्चारते ते एकदा ऐकाच, हाक, हुकूम, वैताग आणि "हा माझाच माणूस आहे" हा हक्क, चारही गोष्टी एका "विल्शर!" मध्ये. आणि त्या हाकेवर त्याच्या चेहऱ्यावर येणारा आनंद बघून एकाच वेळी हसू येतं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो, की अरे बाबा ऊठ, दुसरी बघ. नावाची आणखी एक गंमत, विल्शर हा लॉस एंजेलिसमधला मोठा रस्ता आणि ब्रेंटवुड ही तिथलीच एक श्रीमंत वस्ती, म्हणजे लेखकांनी गावाचा नकाशा समोर ठेवूनच पोराचं बारसं केलेलं दिसतंय.

माझं म्हणणं असं की ही जोडी म्हणजेच ही सिरीज आहे. लार्क-ट्रॉयचे सीन आले की खुशाल उठून पाणी पिऊन या, काही चुकत नाही. बियांका-विल्शर आले की बसा. कारण इथेच तेवढं काहीतरी पणाला लागलेलं असतं. तिला जे हवंय ते पैशाने मिळत नाही, त्याला जे हवंय तेही पैशाने मिळत नाही, आणि या गावात ज्या एकाच गोष्टीचा तुटवडा आहे तिच्यामागे हे दोघंच धावतायत. लिहिणाऱ्यांनी हे ठरवून केलं का आपोआप झालं देव जाणे. मला आपोआप झालं असावं असंच वाटतं, कारण बाकी ठिकाणी इतका विचार केल्याची खूण कुठे दिसत नाही.

बाकीची गँग पटापट. पियर्स थॉर्नडाइक तिसरा, नावातच तिसरा आहे यावरून ओळखा. स्वतःवर प्रचंड खूश, आरसा दिसला की थांबणारा, प्रत्येक मुलगी आपल्यावर मरते अशी ठाम समजूत आणि ती समजूत दर वेळी तोंडावर आपटते. मला हा पण चालतो, डोक्याला ताप नाही. चेस्टर मॅकटेक हा गँगमधला छोटा शास्त्रज्ञ, वयाने बाकीच्यांपेक्षा लहान पण सगळी यंत्रं याच्याकडे, कथेत कुठे अडलं की लेखक याच्या प्रयोगशाळेत पळतात. रॅडली हा सर्फर, समुद्र आणि लाटा यापलीकडे त्याला जग नाही. जेट आणि गिग ही रॉक म्युझिकवाली जोडी. ब्लेझ काउगर्ल टाइप, टारा बेल अमेरिकेच्या दक्षिणेकडची, बोलणं लाडीक आणि लांबवलेलं. निकी डार्लिंगला अभिनेत्री व्हायचंय त्यामुळे ती साधं वाक्यसुद्धा स्टेजवर असल्यासारखं म्हणते. स्विचबोर्ड ही गॉसिप पसरवणारी, आजच्या भाषेत इन्फ्लुएन्सर म्हणा, फक्त हातात मोबाईल नाही, आणि ते बघताना मजा येते की मोबाईल नसूनही बातमी तितक्याच स्पीडने पसरते.

शनेल स्पेन्सर ही ब्लॅक मुलगी, लार्कची मैत्रीण, आणि गँगमधलं सगळ्यात शांत डोकं. १९८७ च्या अमेरिकन कार्टूनमध्ये एक ब्लॅक मुलगी श्रीमंतांच्या टोळीत इतरांइतकीच श्रीमंत आणि कोणाची कामवाली नाही, हे त्या काळाच्या मानाने बरंच म्हणायला हवं. पण पुढचा भाग असा की तिला स्वतःची गोष्ट फार मिळत नाही. ती सल्ला देते, लार्कला सावरते, सगळ्यांना अक्कल शिकवते आणि मागे सरकते. शहाणी मैत्रीण या जागेवर बसवून ठेवलंय तिला. जिला सगळ्यात जास्त कळतं तिला सगळ्यात कमी काम, हे मला खटकलंच. गोऱ्या मुलांना येडेपणा करायची मुभा आणि हिने मात्र कायम समंजस राहायचं, असं ते वाटत राहतं.

आता ही सिरीज अशी का आहे ते समजून घ्यायचं तर थोडं त्या काळात जावं लागेल, कंटाळा आला तर हा भाग सोडून पुढे जा. २१ सप्टेंबर १९८७ ला सोमवारी ही सुरू झाली आणि १८ डिसेंबरला शुक्रवारी नवे भाग संपले. तेरा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, तेरा पंचे पासष्ट. एकूण भाग बरोबर ६५. हा आकडा उगाच नाही बरं का. तेव्हा अमेरिकेत मोठ्या नेटवर्कला न विकता गावोगावच्या लोकल चॅनलना थेट कार्टून विकायचा धंदा जोरात होता, त्याला सिंडिकेशन म्हणायचे, आणि रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक भाग लावायचा तर ६५ भागांत तेरा आठवडे भरतात, तेच चार वेळा फिरवलं की वर्ष निघालं. बऱ्याचदा चॅनलकडून पैसेही घेत नसत, कार्यक्रम घ्या आणि त्यातल्या जाहिरातींच्या काही मिनिटांची कमाई आम्हाला ठेवा असा सौदा असायचा. म्हणजे गोष्ट कशी सांगायची याच्या आधी किती सांगायची हे ठरलेलं. तेरा आठवड्यांत पासष्ट गोष्टी! कोणाकडे असतात हो पासष्ट गोष्टी? मग तेच तेच कट, त्याच त्याच स्पर्धा, तेच गैरसमज उलटसुलट करून येणार नाहीत तर काय. सगळे भाग सलग लावले तर जाहिराती वगळून साधारण चोवीस तास होतात आणि माझ्या मते यातल्या सहा तासांत सगळं बघून होतं, उरलेले अठरा तास म्हणजे याच सहा तासांची उजळणी.

त्यात अजून एक. १९८४ मध्ये टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारच्या एफसीसी या खात्याने टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेवरची बंधनं काढून टाकली आणि मुलांच्या कार्यक्रमांत नुसता बाजार भरला. १९९० च्या चिल्ड्रन्स टेलिव्हिजन अ‍ॅक्टने परत मर्यादा घातली, शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं आणि इतर दिवशी बारा मिनिटं. बेवर्ली हिल्स टीन्स बरोबर या मधल्या मोकळ्या रानातली. खेळण्यांची दुकानदारी करणारी कार्टून्स तेव्हा ढिगाने होती, पण ही सिरीज कुठलं एक खेळणं विकत नाही, ही अख्खी खरेदी करणंच विकते. शॉपिंग, मेकअप, गाडी, क्लब, हे सगळं म्हणजेच आयुष्य आणि बाकी कंटाळा. हे मला खेळणं विकण्यापेक्षा जास्त चलाख वाटतं. बाहुली विकली तर ती एक दिवस मोडते तरी.

आणि यातला योगायोग बघा. सिरीजचा पाचवा आठवडा सुरू झाला तो सोमवार म्हणजे १९ ऑक्टोबर १९८७. शेअर बाजारवाल्यांना ही तारीख झोपेत विचारली तरी सांगता येईल. ब्लॅक मंडे. डाऊ जोन्स हा तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात ५०८ अंकांनी पडला, २२.६ टक्के, एका दिवसातली टक्केवारीने सगळ्यात मोठी पडझड. म्हणजे दुपारी न्यूयॉर्कमध्ये लोकांचे आयुष्यभराचे पैसे धुऊन निघतायत आणि त्याच संध्याकाळच्या सुमाराला टीव्हीवर बियांकाची लिमोझिन झोकात वळण घेतेय. भाग आधीच बनून तयार होते त्यामुळे त्यात काही उमटणं शक्यच नव्हतं, पण उमटलं असतं तरी या पोरांना कळलं नसतं असं वाटतं, कारण त्यांचा पैसा बाजारात नाहीच, तो बॅकग्राउंडमध्ये रंगवलेला आहे. तो पडत नाही, वाढत नाही, संपत नाही.

आईबापांचं पण तेच. घर आहे, घराला फाटक आहे, फाटकाला चार चार गाड्या आहेत, पण घरात कोणी मोठं माणूस जवळपास दिसतच नाही. माझ्या भाचीने एक भाग बघताना मध्येच विचारलं, "यांचे आईबाबा ऑफिसला गेलेत का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण ऑफिस असलं तर कुठलं? कोणाचा कारखाना, कोणाची फिल्म कंपनी, कोणाचं हॉस्पिटल, कशाचाच पत्ता नाही. लहान मुलांच्या गोष्टीत आईबाप गायब असणं नवीन नाही, मोठे समोर असले की मुलांना साहस करायला जागा उरत नाही हे मान्य, पण इथे साहसही नाही ना! इथे मोठी माणसं बाजूला काढली ती बहुतेक एवढ्यासाठीच की ती आली असती तर कमाईचा विषय निघाला असता.

आणि खरं बेवर्ली हिल्स यापेक्षा कितीतरी भन्नाट आहे हो. तिथल्या बेवर्ली हिल्स हायस्कूलमध्ये १९३९ साली बांधलेली एक जिम आहे, बास्केटबॉल खेळायची जमीन मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंना सरकते आणि खाली पोहण्याचा तलाव. खराखुरा! हे कार्टूनवाल्यांना सुचलं असतं तर आपण म्हटलं असतं काय फेकताय राव. त्याहून वरताण म्हणजे त्याच शाळेच्या आवारात तेलाच्या विहिरी होत्या, चालू विहिरी, कित्येक वर्षं वर्ग भरतायत आणि शेजारी जमिनीतून तेल निघतंय, शाळेला त्याचे पैसेही मिळायचे. तेलाचा तो उंच मनोरा कुरूप दिसू नये म्हणून पुढे त्याला रंगीबेरंगी आवरण घातलं होतं. एवढं सगळं गावात समोर असताना लेखकांनी काय घेतलं तर ब्युटी कॉन्टेस्ट आणि पार्टी. शाळेखाली तेल आहे ही गोष्ट घेतली असती तर श्रीमंती जमिनीतून येते, कोणाच्या तरी हातून वर येते आणि तिचा वासही येतो, हे मुलांना एका भागात कळलं असतं. बियांकाने तर पहिल्याच दिवशी ती विहीर स्वतःच्या नावावर करायचा प्लॅन आखला असता आणि विल्शर डोक्यापासून पायापर्यंत तेलात माखला असता. मी फुकट देतेय आयडिया.

अ‍ॅनिमेशनबद्दल काय बोलायचं. डीआयसीच्या नावाची तेव्हा त्याच धंद्यातले लोक 'डू इट चीप' अशी फोड करून टिंगल करायचे आणि ते बघताना पटतं. तोंड हलतं, बाकी शरीर पुतळा. चार पात्रं बोलत असतील तर बोलणारं एक हलतं आणि तिघं फोटो काढताना थांबल्यासारखी थांबतात. मागची गर्दी तर एकदा नीट बघाच, पार्टी चालू, म्युझिक ढणाढणा, आणि मागे कोणीही नाचत नाहीये, सगळे हातात ग्लास धरून गोठलेले. जगातली सगळ्यात श्रीमंत मुलं आणि त्यांच्यावर खर्च मात्र सगळ्यात कमी, ही विसंगती लक्षात आली की मग प्रत्येक पार्टीत तेच दिसायला लागतं आणि हसू आवरत नाही. एक मात्र आहे, रंग मस्त वापरलेत. गुलाबी, पिस्ता, जांभळा, फिरोजी, सगळं एकत्र, आणि भुरभुरीत फुगवलेले केस. ऐंशीच्या दशकाचा तो भडकपणा ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी मेजवानी आहे. कपडे डिझाइन करणाऱ्याने जीव लावून काम केलंय, ते हलवणाऱ्याकडे मात्र वेळ नव्हता.

आवाज चांगले आहेत, आणि माझ्या मते अर्धी सिरीज आवाजांनी तारून नेलीय. बरेचसे कलाकार कॅनडातले. बियांकाचा आवाज तर अफलातून, गोड बोलता बोलता एका श्वासात किंचाळीवर जातो आणि परत गोड होतो, तो चढउतार ऐकला की कळतं की जिने हा आवाज दिला तिला बियांका लेखकांपेक्षा जास्त कळली होती. पियर्सचा तो नाकातून येणारा उच्चभ्रू सूर पण झकास. सिरीजचं शीर्षकगीत एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही, त्याला मी चांगलंही म्हणणार नाही आणि वाईटही नाही, चिकट आहे.

मुलांना दाखवावी का? हा प्रश्न येणारच. माझं मत, सात-आठ वर्षांच्या पुढे असतील तर दाखवा पण शेजारी बसा. हिंसा नाही, शिवीगाळ नाही, भीतीदायक काही नाही. त्रासाचा भाग वेगळाच आहे. मुलींची आपापसातली स्पर्धा कायम दोनच गोष्टींवर, दिसणं आणि मुलगा. बियांका हुशार आहे, पण तिची हुशारी ट्रॉयच्या बाहेर कुठे वापरलीच जात नाही. लार्क जिंकते तेव्हा ती चांगली वागली म्हणून असं दाखवतात, पण ती सुंदर पण आहे, गोरी पण आहे, श्रीमंत पण आहे, मग चांगुलपणाचं नक्की बक्षीस कुठलं ते मुलांना कसं कळणार? एखाद्या भागात एखादं कमी दिसणारं किंवा कमी पैशाचं पात्र जिंकलं असतं तर त्या शिकवणीला काही वजन आलं असतं. पैसा सगळं नसतो, मैत्री मोठी, असं शेवटी सांगतात तेव्हा ते सांगणारी पोरं लिमोझिनला टेकून उभी असतात. मुलं याला हसतात बरं का, त्यांना पण दिसतं.

दुसरी बाजू पण सांगते म्हणजे एकतर्फी नको. ही पोरं एकमेकांना हाकलून देत नाहीत. बियांकाने कितीही घाण केलं तरी पुढच्या पार्टीला ती असतेच, कोणी तिचं नाव यादीतून कापत नाही. रॅडलीसारखा लाटांत हरवलेला, चेस्टरसारखा किरकोळ पोरगा, निकीसारखी नाटकी, सगळे एकाच क्लबमध्ये. नंतरच्या काळात श्रीमंत टीनएजर्सवर जे काही आलं, १९९० मध्ये सुरू झालेलं बेवर्ली हिल्स ९०२१० घ्या, त्यात कोण आत कोण बाहेर हाच मुख्य मसाला होता. इथे ती भिंतच नाही. हे आदर्श वाटतं का? तर थोडंसं. पण मग लक्षात येतं की भिंत गावाच्या बाहेर आहे, आत आलेला प्रत्येकजण आधीच गाळून आलेला आहे, मग आतल्या आत भेदभाव करायचं कारणच काय.

आता ज्यांना फक्त चव घ्यायचीय त्यांनी सगळे भाग बघत बसू नका, वेड लागेल. मिस टीन बेवर्ली हिल्स हा दोन भागांत विभागलेला एपिसोड आधी बघा. सौंदर्यस्पर्धा आहे म्हणजे बियांकासाठी तर मैदानच. दोन भाग मिळाल्यामुळे नेहमीची घाई नाही, एकेक चाल नीट मांडायला वेळ मिळतो, आणि बाकी सगळी गँगही ओळखून घेता येते. त्यानंतर ज्याच्या नावात विल्शर दिसेल तो कुठलाही भाग लावा. हॅलोविनचा भाग आणि ख्रिसमसच्या आसपासचा भाग हे नुसते सजावटीसाठी, रंग बघायचे असतील तर. ज्या भागात चेस्टरचं नवीन यंत्र पहिल्या दोन मिनिटांत दिसलं तो मी सरळ बंद करते, कारण यंत्र बिघडणार, गोंधळ होणार, यंत्र दुरुस्त होणार, यापुढे काही घडत नाही.

आणि एकावेळी दोनच्या वर नको. दोन भागांपर्यंत बियांका मजेशीर वाटते, तिसऱ्यात तिचा प्लॅन तुम्हाला तिच्याआधी सुचायला लागतो, आणि चौथ्यापर्यंत तुम्ही स्वतः विल्शरच्या बाजूने टीव्हीवर ओरडत असता की गाडी वळव आणि घरी जा रे. मला मिळालेली कॉपी जुनी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली असावी, कडा पुसट, आवाज मधूनच दबलेला, तर शक्य असेल तर बरी प्रिंट शोधा, कारण रंग गेले तर या सिरीजचं अर्धं भांडवल गेलं. भाषा इंग्रजीच आहे, वाक्यं सोपी आहेत, पण टारा बेल बोलायला लागली की सबटायटल्स लावा, मला दोनदा मागे जाऊनही ती काय म्हणाली ते कळलं नव्हतं.

रेटिंग मागाल तर पाचपैकी अडीच. त्यातले दोन बियांका आणि विल्शरचे, अर्धा कपडेवाल्याचा. लार्कला मी काहीच देत नाहीये, तिच्याकडे तसंही सगळं आहे.